बिल्टीचे पुस्तक बंद करावे का? मालवाहतुकीतला कागद आणि मोबाईल

बिल्टीबहाद्दर, जालना

नमस्कार. जालन्यात आमचा वाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे. स्वतःच्या नऊ गाड्या आहेत आणि काम वाढले की बाजारातून गाडी लावतो. वर्षभर एमआयडीसीतली सळई पुणे, नाशिक आणि भिवंडीकडे जाते, हंगामात सोयाबीन आणि सरकी पेंड असते. वडिलांच्या काळापासून आमची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, चार प्रतींची आहे. पांढरी प्रत माल पाठवणाऱ्याला देतो, गुलाबी माल घेणाऱ्याला, पिवळी गाडीबरोबर जाते आणि सही-शिक्का घेऊन पोच म्हणून परत येते, हिरवी पुस्तकातच राहते.

छापखान्याला नवीन पुस्तके सांगायची वेळ झाली आहे. दरवेळी पन्नास सांगतो. या वेळी मुलीने, जी आता कार्यालयात बसू लागली आहे, मला अडवले. तिचे म्हणणे असे, की माल रस्त्यावर नेण्यासाठीचे जीएसटीचे ई-वे बिल संगणकावर निघते, गाडीचे आरसी आणि विमा मोबाईलवर चालतात, टोल फास्टॅगमधून कापला जातो, तर बिल्टी तेवढीच कार्बन लावून का लिहायची? मला उत्तर देता आले नाही, आणि उत्तर देता येत नाही म्हणून तिचे बरोबर असेलच असेही वाटत नाही. ज्यांनी बिल्टी पूर्णपणे डिजिटल केली आहे, किंवा करून परत कागदावर आले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा ही विनंती.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

ज्याच्या सदऱ्याचा खिसा कार्बनने निळा झाला नाही, त्याला आम्ही ट्रान्सपोर्टवाला मानत नाही. बाकीचे सविस्तर रात्री लिहितो, सध्या हमाल खोळंबले आहेत.

दुधनाकाठ, परतूर

मी डिजिटलच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण एक मोडलेला अ‍ॅक्सल आहे.

मागच्या पावसाळ्यात आमची गाडी जालन्याहून सळई भरून पुण्याकडे निघाली आणि अहिल्यानगरच्या अलीकडे अ‍ॅक्सल तुटून उभी राहिली. माल दुसऱ्या गाडीत भरला. पूर्वी असे झाले म्हणजे नवीन गाडीच्या नावाने नवीन कागद करून माणसाला एसटीने पाठवावे लागे, आणि तो पोचेपर्यंत ड्रायव्हर जेवण आणि झोप आटोपून गाडीखाली पत्ते खेळत बसलेला असे. या वेळी मी घरूनच मोबाईलवर ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये गाडीचा नवीन क्रमांक टाकला आणि अर्ध्या तासात गाडी हलली.

पुढची गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घाईत मी एमएच २१ ऐवजी एमएच २० टाकले, म्हणजे जालन्याची गाडी कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरची झाली. पुढे तपासणीत ते पकडले गेले. जीएसटी कायद्याचे कलम १२९ लावले असते तर कराच्या दुप्पट दंड भरल्याशिवाय गाडी सुटली नसती. पण १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात वाहनक्रमांकाचे एक-दोन अंक चुकणे ही किरकोळ चूक धरली आहे, आणि त्यासाठी केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० एवढाच दंड आहे. आमच्या कर सल्लागाराने ते परिपत्रक फोनवर पाठवले, आम्ही ते दाखवले आणि हजार रुपयांत सुटलो. कागदावर खाडाखोड करून सही मारता येत होती, इथे चूक लगेच सरकारदप्तरी जाते, हे खरे. पण चूक दुरुस्त करण्याची वाटही त्याच मोबाईलवर सापडली.

घाटातला गिअर, बीड

मी चार गाड्यांचा मालक आहे आणि त्यांतली एक स्वतः चालवतो, म्हणून स्टेअरिंगमागून दिसते ते लिहितो.

मोटार वाहन नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये बदल झाला आणि आरसी, विमा, परवाना, पीयूसी हे सगळे मोबाईलवर दाखवले तरी चालते, हे आता रस्त्यावरच्या बहुतेक साहेबांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून तर जे कागद ऑनलाइन वैध दिसतात ते कागदी स्वरूपात मागायचेच नाहीत असा नियम आहे. तरीही माझा जुना ड्रायव्हर प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल सोडायला तयार नाही. तो म्हणतो, "मालक, कागद दाखवला की साहेब कागद बघतेत. मोबाईल दाखवला की साहेब मोबाईलच हातात घिऊन बसतेत, आन् मधी घरचा फोन आला तर तो बी तेच उचलतेत."

हा विनोद नाही. मोबाईल ड्रायव्हरचा स्वतःचा असतो, त्यात त्याचे पैसे असतात, बायकामुलांचे फोटो असतात. आपण त्याला म्हणतो की कंपनीचे सगळे कागद यातच ठेव, पण त्या मोबाईलचा रिचार्ज कोण करणार हे सांगत नाही. मी माझ्या गाड्यांत एकेक साधा दुसरा मोबाईल ठेवला आहे, तो गाडीचा आहे, माणसाचा नाही. ड्रायव्हर बदलला तरी मोबाईल गाडीतच राहतो. ज्यांना डिजिटल करायचे आहे त्यांनी पहिला खर्च हा करावा, सॉफ्टवेअरचा नंतर.

रिकामी परतगाडी

कागदाचा एक उपयोग कोणी सांगितलाच नाही. केबिनमध्ये भजी कशावर खायची?

कुंडलिका, जालना

मी एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात अकरा वर्षे काम करते, म्हणजे आपल्यासारख्यांची बिलेही माझ्याच टेबलावरून जातात. म्हणून दुसरी बाजू मांडते, वाईट वाटून घेऊ नये.

आमच्याकडून माल निघतो तेव्हा ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेले बीजक, निघते. ही सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांपासून सुरू झाली आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्याला जोडून ई-वे बिल निघते. गेटवर वजनकाट्याची पट्टी संगणकातून येते. इथवर एकही कागद नसला तरी आमचे काही अडत नाही. अडते ते पुढे. वाहतूकदाराचे बिल आले, की आमचे लेखापाल विचारतात, "पोच कुठे आहे?" आणि पोच म्हणजे त्यांच्या लेखी निळ्या शाईचा गोल शिक्का असलेला पिवळा कागद. मोबाईलवरचा फोटो दिला तर ते म्हणतात, की लेखापरीक्षक मूळ प्रत मागतात. लेखापरीक्षकांना मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, की आम्ही असे कुठेही लिहून दिलेले नाही, तुमच्या कंपनीच्या कार्यपद्धतीत आहे म्हणून आम्ही तपासतो. कार्यपद्धतीचे पुस्तक काढून पाहिले तर ती ओळ २००४ सालची निघाली.

त्यामुळे बिल्टीबहाद्दर यांना माझे सांगणे असे, की तुमच्या मुलीचा प्रश्न सरकारला नाही, तो आमच्यासारख्या कारखान्यांना विचारायला हवा. सरकारने मालाचा कागद कधीच सोडला. पैशाचा कागद आम्ही धरून बसलो आहोत.

दुधनाकाठ, परतूर

कुंडलिकाताई, आपण आमच्या मनातले बोललात, आणि तेही खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून आमची गाडी संध्याकाळी निघते आणि सकाळी भिवंडीच्या गोदामाबाहेर उभी असते. पोच मात्र ड्रायव्हर परत आल्यावर, पिशवीतून काढून, तेल लागलेली असेल तर पुसून, कुरियरने जाते. तिला आठ ते दहा दिवस लागतात. आणि भाड्याच्या उरलेल्या रकमेचे दिवस मोजायला सुरुवात होते ती ही पोच मिळाल्यावर.

घाटातला गिअर, बीड

बरोबर. ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला, पण पोच अजून कच्च्या रस्त्यानेच येते.

मांजराकाठचा वकील, लातूर

कायद्यापुरते थोडे लिहितो. हे कोणाच्या विशिष्ट प्रकरणावरचे मत समजू नये.

बिल्टीला २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात गुड्स रिसीट म्हटले आहे. हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि त्याने १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा मोडीत काढला. माल ताब्यात घेतल्यावर वाहतूकदाराने ही पावती तीन प्रतींत द्यायची, मूळ प्रत माल पाठवणाऱ्याला द्यायची, आणि वजन व इतर तपशिलांचा ती प्रथमदर्शनी पुरावा मानायची, असे त्यात आहे. 'तीन प्रती' हा शब्द वाचून अनेक जण समजतात की कागद अनिवार्य आहे. पण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४ असे सांगते, की एखादी गोष्ट लेखी किंवा छापील हवी असे कायदा म्हणत असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असून पुढे पाहण्यासाठी उपलब्ध राहणार असली तरी ती अट पूर्ण झाली असे मानावे. माझ्या मते डिजिटल बिल्टीला एवढा आधार पुरेसा आहे. जीएसटीतही ज्याला गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी म्हणतात ती कन्साइनमेंट नोट देण्यावरच ठरते, मग तिला नाव काहीही असो. ती कागदाचीच असावी असे त्या व्याख्येत म्हटलेले नाही. बिल्टीच दिली नाही तर मात्र कराचे सगळे गणित बदलते, म्हणून डिजिटल होण्याच्या उत्साहात बिल्टीच नाहीशी करू नका.

आता अडचण. वाद न्यायालयात गेला, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे, आणि आता त्याचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पोचेचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाईलवर असेल, ड्रायव्हरने तो मोबाईल विकला असेल आणि नोकरीही सोडली असेल, तर पहिल्या भागावर सही कोणाची घेणार? मालाच्या नुकसानीचा दावा करण्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. निदान तेवढे दिवस आणि त्यानंतरही, जीएसटीच्या नोंदी ७२ महिने ठेवायच्या असल्यामुळे, फोटो कार्यालयाच्या ताब्यातल्या ठिकाणी सुरक्षित राहतील अशी व्यवस्था करा. व्हॉट्सअ‍ॅपचा गट ही व्यवस्था नव्हे.

रिकामी परतगाडी

म्हणजे ई-वे बिलालाही पार्ट ए आणि पार्ट बी, आणि न्यायालयातल्या प्रमाणपत्रालाही पार्ट ए आणि पार्ट बी. वकीलसाहेब, पार्ट बी भरायला विसरलो तर न्यायालय गाडी अडवते का?

मांजराकाठचा वकील, लातूर

गाडी नाही अडवत, तारीख देते. ते जास्त महाग पडते.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

सकाळी हमाल खोळंबले होते, आता निवांत आहे.

तुम्ही सगळे पोचेबद्दल बोलत आहात, पण बिल्टीचे मूळ बळ पोचेत नव्हते. मी आडतीवर लागलो तेव्हा सरकीच्या आणि कापसाच्या गाठींच्या बिल्ट्या बँकेतून सुटत. परगावचा व्यापारी ओळखीचा नसे, माल आधी पाठवायचा तर पैसे बुडण्याची भीती, आणि तो पैसे आधी पाठवील तर त्याला माल न मिळण्याची भीती. मग मूळ बिल्टी, बीजक आणि हुंडी आपल्या बँकेतून त्याच्या गावच्या बँकेत जाई. तो बँकेत पैसे भरी, तेव्हा बँक बिल्टीच्या मागे सही करून ती त्याच्या हातात देई, आणि ती बिल्टी गोदामात दाखवली म्हणजेच माल सुटे. म्हणूनच बँका सरसकट कोणत्याही ट्रान्सपोर्टची बिल्टी घेत नसत, इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यता आहे का ते पाहत, आणि आजही ती मान्यता असलेले ट्रान्सपोर्ट ती पाटीवर लिहितात.

यातली गंमत लक्षात घ्या. बिल्टी ज्याच्या हातात, माल त्याचा. मूळ प्रत एकच असते यावर हा सगळा डोलारा उभा होता. मोबाईलवरच्या बिल्टीत मूळ कोणती आणि नक्कल कोणती? मी तीच फाईल दहा जणांना पाठवली तर दहा जण गोदामाच्या दारात उभे राहतील. माझ्या सदऱ्याच्या खिशाचे सोडा, या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले तर मी कार्बन पेपर स्वतःच्या हाताने जाळीन.

गोदातीर, नांदेड

मुनीमकाका, कार्बन पेपर जाळू नका, धूर वाईट असतो. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच वापरात आहे.

गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवल्यावर मिळणारी पावती, जिच्यावर बँकेकडून कर्ज घेता येते, ती आता इलेक्ट्रॉनिक आहे. गोदाम नियमन कायदा २००७ चा, आणि इलेक्ट्रॉनिक पावतीची सुरुवात सप्टेंबर २०१७ ची. तिची फाईल तुमच्या मोबाईलवर येते, पण तुम्ही ती हजार जणांना पाठवली तरी मालकी हलत नाही, कारण मालकी फाईलमध्ये नसून रिपॉझिटरीच्या, म्हणजे या पावत्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीत आहे. शेअर बाजारातल्या डीमॅटसारखे हे आहे. नोंद एकाच नावावर असते, आणि बँकेने तारण लावले की ते सुटेपर्यंत माल बाहेर पडत नाही. म्हणजे 'मूळ प्रत कोणती' हा प्रश्नच राहत नाही, 'नोंद कोणाच्या नावावर आहे' एवढाच राहतो.

समुद्री मालाच्या बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाजाच्या बिल्टीची, अडचणही नेमकी हीच होती. इंग्लंडने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तऐवजाचा 'ताबा' असू शकतो हे मान्य केले, आणि त्यासाठी अट अशी घातली, की एका वेळी तो एकाच्याच नियंत्रणात राहिला पाहिजे. आपल्याकडेही २०२५ मध्ये १८५६ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आला. ट्रकच्या बिल्टीसाठी मात्र अशी एक मध्यवर्ती नोंदवही नाही. प्रत्येक ट्रान्सपोर्टचे आपापले सॉफ्टवेअर आहे, आणि परक्या ट्रान्सपोर्टच्या सॉफ्टवेअरवर बँकेने विश्वास का ठेवावा, या तुमच्या शंकेला अजून उत्तर नाही.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

नोंदवहीचे पटले. अर्धा कार्बन पेपर जाळायला हरकत नाही.

बिल्टीबहाद्दर, जालना

काका आणि गोदातीर, मोठी माहिती मिळाली, पण आमच्या नव्वद टक्के कामात बँकेचा संबंधच येत नाही. कारखाना आणि त्याचा ठरलेला विक्रेता यांच्यातला माल असतो. तेव्हा माझा प्रश्न साधा पोचेचाच राहतो असे वाटते.

ट्रकसोबती

आमचे अ‍ॅप सर्व समस्यांवर एकमेव उपाय आहे. अमर्याद बिल्ट्या, पहिला महिना विनामूल्य. संपर्कासाठी

व्यवस्थापक

वरील प्रतिसादातील संपर्क क्रमांक काढून टाकला आहे. कृपया चर्चेत जाहिरात करू नये. समस्यांची यादी अजून पूर्ण झालेली नसताना सर्व समस्यांवरचा उपाय आला, याची मात्र नोंद घेतली आहे.

उदगीरकर

पोचेचाच प्रश्न असेल तर माझी हकिगत ऐका. मी दोन्ही पाहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले, की ड्रायव्हरने पोचेचा फोटो पाठवायचा आणि त्यावर बिल लावायचे. उदगीरहून सोयाबीनची पेंड गुजरातेत एका पशुखाद्याच्या कारखान्यात गेली. ड्रायव्हरने फोटो पाठवला, सही होती, शिक्का होता, आम्ही पूर्ण भाड्याचे बिल लावले. दीड महिन्याने त्या कारखान्याने भिजलेल्या सतरा पोत्यांची रक्कम कापून पैसे दिले. आम्ही भांडायला उभे राहिलो, तर त्यांनी त्यांच्याकडची प्रत पाठवली. तिच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात '१७ पोती ओली' असे लिहिलेले होते. आमच्या फोटोत तो कोपराच नव्हता, कारण ड्रायव्हरने फोटो काढताना शिक्का मध्यभागी घेतला होता, जसा आपण लग्नात नवरा-नवरीचा घेतो.

मग पिवळी प्रत मागवली, म्हणजे ड्रायव्हरच्या पिशवीतून शोधून काढली. तिच्यावर कोपऱ्यात काहीच नव्हते. सही कार्बनमधून खाली उतरलेली होती, शेरा उतरलेला नव्हता. याचा अर्थ सही घेतली तेव्हा दोन्ही प्रती एकावर एक होत्या, आणि शेरा नंतर, प्रती वेगळ्या झाल्यावर, फक्त त्यांच्या प्रतीवर लिहिला गेला. हे समोर ठेवल्यावर त्यांच्या स्टोअरच्या माणसाने मान्य केले, की पोती उतरवून संपल्यावर, संध्याकाळी, त्याने तो शेरा टाकला होता. पोती खरोखर ओली होती की त्यांच्या गोदामात ओली झाली, हे शेवटपर्यंत ठरले नाही, पण कापलेली अर्धी रक्कम परत मिळाली.

त्या दिवसापासून कार्बनबद्दल माझ्या मनात आदर आहे. कोणी काय लिहिले एवढेच तो सांगत नाही, कधी लिहिले याचाही अंदाज देतो.

कुंडलिका, जालना

उदगीरकर, आपली हकिगत मी आमच्या स्टोअरमध्ये वाचून दाखवली, आणि तिथे जी शांतता पसरली ती पाहण्यासारखी होती.

धर्मकाटा, छत्रपती संभाजीनगर

उदगीरकरांच्या हकिगतीतून नेमका उलटा धडाही निघतो, म्हणून विरोध नोंदवतो.

कार्बनने जे काम केले ते वेळेच्या नोंदीचे. पण तो पुरावा सापडला नशिबाने, कारण पिवळी प्रत पिशवीत टिकून होती. ती पावसात भिजली असती किंवा परतगाडीवाल्यांच्या भज्यांखाली गेली असती तर? वाळूजमध्ये आम्ही दोन वर्षांपासून असे करतो: माल पूर्ण उतरवून झाल्याशिवाय सही घ्यायची नाही, आणि सही झाल्यावर ड्रायव्हरने गेटच्या आत असतानाच बिल्टीचे चारही कोपरे दिसतील असा एक फोटो आणि उतरवलेल्या मालाचा दुसरा फोटो आमच्या प्रणालीत चढवायचा. फोटो चढला की त्याच क्षणी त्याची प्रत माल घेणाऱ्याच्या ईमेलवर जाते. त्यानंतर कोणी शेरा टाकला, तर त्यांच्याच ईमेलमधली प्रत त्यांच्या विरोधात बोलते. कार्बनने एका हकिगतीत जे केले ते इथे रोज होते.

आम्ही आधी ओटीपीही वापरून पाहिला. माल मिळाला की घेणाऱ्याच्या मोबाईलवर क्रमांक यायचा, तो ड्रायव्हरला सांगितला की पोच झाली. तो प्रकार सहा महिन्यांत सोडला. स्टोअरचा माणूस गाडी आत येताच, एकही नग न मोजता, "घे बाबा तुझा ओटीपी आणि जा" म्हणायचा, किंवा सुट्टीवर असायचा आणि ओटीपी त्याच्या घरी वाजायचा. ओटीपी फोन कोणाच्या हातात आहे ते सांगतो. माल मोजला की नाही, हे त्याला कळत नाही.

घाटातला गिअर, बीड

धर्मकाटा साहेब, गेटच्या आतून फोटो चढवायचा म्हणता, पण निम्म्या कारखान्यांत ड्रायव्हरचा मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. आणि जिथे घेत नाहीत तिथे पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते.

धर्मकाटा, छत्रपती संभाजीनगर

मान्य. जिथे मोबाईल जमा होतो तिथे आम्ही त्यांच्याच स्टोअरला फोटो काढून पाठवायची विनंती करतो, आणि दहांतले सहा पाठवतात. रेंज नसेल तर फोटो मोबाईलमध्ये वेळेसह साठतो आणि बाहेर पडल्यावर चढतो. उरलेल्या चार ठिकाणी कार्बनच आहे. पूर्ण डिजिटल झालो असे मी कुठेही म्हटलेले नाही.

नवा परवाना, हिंगोली

माझ्याकडे एकच गाडी आहे आणि ती कर्जाची आहे. मी मोठ्या ट्रान्सपोर्टकडून भाडे घेतो. बिल्टी त्यांची, ई-वे बिल माल पाठवणाऱ्याचे, माझे फक्त चाक. मला कोणती नोंद ठेवायला हवी? वरची चर्चा वाचून असे वाटले, की सगळ्यांकडे पुरावा आहे आणि माझ्याकडे काहीच नाही.

दुधनाकाठ, परतूर

भाऊ, चांगले विचारलेत. सर्वांत जास्त पैसे बाजारगाडीवाल्याचेच अडकतात. तीन गोष्टी स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा: गाडी भरताना ज्यात भाडे, अ‍ॅडव्हान्स आणि बाकी लिहिली आहे त्या चिठ्ठीचा फोटो, भरल्यानंतरची आणि उतरवण्याआधीची काटापट्टी, आणि सही झालेल्या पोचेचा चारही कोपऱ्यांसह फोटो. मूळ पोच ट्रान्सपोर्टला देताना त्यांच्या माणसाकडून 'मूळ पोच मिळाली' एवढा मेसेज घ्या. पोच हरवली असे सांगून बाकी अडवण्याचा प्रकार मेसेज असला की बंद होतो. ई-वे बिलाची मुदतही स्वतः पाहत जा. २०० किलोमीटरला एक दिवस हा हिशेब १ जानेवारी २०२१ पासून आहे, आणि मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढते. मालकाला रात्री उठवावे लागले तरी उठवा, गाडी तुमची अडणार आहे.

नवा परवाना, हिंगोली

आभारी आहे. आजच्या भाड्यापासून सुरू करतो.

बिल्टीबहाद्दर, जालना

पंधरा दिवसांनी परत लिहितो आहे, मधल्या काळात काही केले म्हणून.

कुंडलिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे मी आणि मुलगी आमच्या मोठ्या सात गिऱ्हाइकांकडे गेलो आणि एकच प्रश्न विचारला: पोचेचा फोटो आल्यावर बिल घ्याल का? तिघे लगेच हो म्हणाले. त्यांतले एक तर म्हणाले, की आम्ही तुमच्या पिवळ्या कागदांची पोती माळ्यावर ठेवून कंटाळलो आहोत, वाळवीला मात्र त्यांची सवय झाली आहे. दोघे म्हणाले, की फोटोवर बिल घेऊ, पण मूळ प्रत महिन्याभरात हवी. एकाने कार्यपद्धती दाखवली, आणि ती ओळ ताईंच्या कारखान्यातल्याइतकीच जुनी होती. सातव्याने चहा पाजला आणि विषय बदलला.

त्यामुळे ठरवले ते असे. पहिल्या तिघांची बिल्टी आता संगणकावर निघते, फाईल दोन्ही पक्षांना जाते, आणि गाडीत तिची एकच छापील प्रत असते, जिच्यावर माल पूर्ण उतरल्यानंतर सही घेऊन धर्मकाटा यांच्या पद्धतीने फोटो काढायचा. प्रत्येक गाडीत गाडीचा मोबाईल दिला आहे. जुन्या ड्रायव्हरला सांगितले, की हा साहेबांच्या हातात गेला तरी यावर घरचा फोन येणार नाही, तेव्हा तो तयार झाला. मधल्या दोघांसाठी कागद आणि फोटो दोन्ही. उरलेल्या दोघांसाठी आणि हंगामातल्या फुटकळ मालासाठी कार्बन आहेच. पहिल्या तिघांपैकी एकाचे बिल नऊ दिवसांत निघाले, जे पूर्वी पोच पोचेपर्यंत लागायचेच नाही. छापखान्याला पन्नासऐवजी बारा पुस्तके सांगितली आहेत. त्यांचे मालक जरा नाराज झाले, आमची तिसरी पिढी त्यांच्याकडे छापते.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

चांगले केलेत. एकच विचारतो, आणि हे अनुभवाने विचारतो. बारा पुस्तकांवर क्रमांक कुठून घातले? आमच्याकडे पुतण्याने संगणकावर बिल्टी सुरू केली तेव्हा पुस्तकही चालू होते, दोन्हींचा क्रमांक एकातून सुरू झाला, आणि एकाच क्रमांकावर एक गाडी नागपूरला आणि एक हैदराबादला गेली. मार्चअखेरीस ते निस्तरायला मला आठ दिवस लागले.

बिल्टीबहाद्दर, जालना

काका, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. छापखान्याला आत्ताच फोन केला. मशीन सुरू व्हायचे होते. पुस्तकाच्या क्रमांकाआधी 'का' आणि संगणकाच्या क्रमांकाआधी 'सं' असे अक्षर टाकायला सांगितले आहे.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

'का' ठीक आहे. 'सं' मधला टिंब कार्बनमध्ये उतरतो का, ते मात्र पाहून घ्या.

दुधनाकाठ, परतूर

काका, संगणकाच्या बिल्टीला कार्बन नसतो.

मोंढ्यातला मुनीम, परभणी

हो, ते विसरलोच.